बुटकी बेगम

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजही सुगतच्या फोनवर लग्नाचा एक फोन नाही!

त्याला जाऊन महिना होत आला. फोन मी चालू ठेवला आहे. रोज चार्ज करते, आरोग्य उपकेंद्रात ड्यूटीला जाताना पर्समध्ये टाकते. वाजतो तो कर्जवाल्या कंपन्यांचा, नाहीतर चुकीचा नंबर.

गेल्या साली याच दिवसांत तो दर दोन-तीन दिवसांनी बेगमला सजवायचा. कपाळाला आरशांचा पट्टा, गळ्यात घुंगरांची माळ. बालाजीच्या छोट्या टेम्पोत चढवून येरमाळ्याच्या बाजूला न्यायचा. नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक, परण्या असायचा, वरात असायची. दिवस मावळायच्या आत घोडी घेऊन परत. खांद्यावर लग्नघरचा टॉवेल, डोक्याला टोपी. असे टॉवेल पेटीत भरून पडलेत. माणूस गेला म्हणून काय लग्नंही थांबली?

अमृतभाऊजींना विचारलं. सुगतचे धाकटे भाऊ. त्यांचा डीजे आहे, तेव्हा कुठं काय कार्य आहे ते आधी त्यांनाच कळतं. म्हणाले, "वहिनी, बुटक्या घोडीला आता कोण इचारतंय? पोरांना पासष्ट इंची मारवाडी घोडा लागतो, बाजेवर नाचणारा. आपली सत्तावन्न. व्हिडिओत नवरदेव सायकलीवर बसल्यावानी दिसतो."

मी म्हटलं, मग गेल्या वर्षी कसं चाललं?

भाऊजी मोबाईल बघायला लागले.

११ फेब्रुवारी

भाऊजींनीच काहीतरी पसरवलं आहे. घोडी मरतुकडी झाली, नाहीतर विधवेच्या घरची घोडी नको, असं काहीतरी. लोक तोंडावर सांगत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

येरमाळ्याचा बजरंग येऊन गेला. त्याच्याकडे दोन उंच मारवाडी घोडे आहेत, लग्नांना देतो. म्हणजे सुगतच्या धंद्यातला समोरचा माणूस. सुगतच्या पुण्यानुमोदनालाही आला होता. तेव्हा सगळे फोटोला फूल वाहत होते आणि हा पहिल्यांदा गेला कुठं? घोडीकडे!

आजही तेच. तिचा पाय उचलून खूर बघितला. ओठ वर करून दात बघितले. बरगड्यांवरून हात फिरवला.

आणि बेगम? ती परक्याला बघून कान मागे पाडते. लग्न होऊन आले तेव्हा ती शिंगरू होती. पुढं मोठी झाल्यावर मला कितीतरी दिवस जवळ येऊ द्यायची नाही. सुगत चिडवायचा, "पहिली बेगम ती, तू दुसरी. सवतीला जागा करून देईल हळूहळू." त्या बेगमनं आज बजरंगच्या खिशात तोंड घातलं. खिशात गूळ होता. म्हणजे हा गूळ घेऊनच निघाला होता घरून.

चहा दिला. खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. "काय लागलं-सवरलं तर सांगा वहिनी." मी म्हटलं, काही लागत नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे, बाजेवर बसून होते. बजरंग बसला तसं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनाही हा माणूस आवडत नाही. निदान घरात एक जण तरी माझ्या बाजूनं आहे.

२० फेब्रुवारी

उपकेंद्रातून आले तर दारात पोतं. हरभऱ्याचा भुसा आणि मक्याची भरड. मामा म्हणाले, बालाजीच्या टेम्पोतून उतरवलं. कुणी दिलं? "आसंल कुणीतरी."

कुणीतरी कशाला देईल? आधी मूठभर कोंबडीला टाकलं. दिवस मावळेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवलं. कोंबडी धडधाकट! आणखी मागायला पायात येत होती. मग बेगमला दिलं. तिनं टोपलं चाटून ठेवलं.

२१ फेब्रुवारी

बालाजीला गाठलं. सरळ विचारलं — गेल्या वर्षी सुगतला कुठल्या कुठल्या कार्यालयांवर सोडायचास? नावं सांग, मी जाऊन भेटते.

तो टेम्पोची काच पुसायला लागला. स्वच्छ काच! "मी आपला येरमाळ्याच्या फाट्यावर सोडायचो ताई. फुडचं मला म्हाईत न्हाय."

फाट्यावर सोडायचो, म्हणे. घोडी सजवून माणूस काय फाट्यावर उभा राहतो? सगळ्यांची तोंडं कुणीतरी शिवली आहेत.

२ मार्च, रविवार

आज नालवाला आला. मी बोलावला नव्हता. बेगमचे चारी नाल काढून नवे ठोकले आणि हत्यारं पिशवीत भरून निघाला. पैसे विचारले तर हात जोडले. "पोचले."

कुणाकडून पोचले? "बजरंगशेठ म्हणले, जाऊन ये."

भुसाही त्याचाच, हे आता उघड आहे. दुसऱ्याच्या घोडीला नाल मारणारा माणूस मी आजवर ऐकला नाही. माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकले. औषध कंपनीचा माणूस फुकट पेन देतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

५ मार्च

लसीकरणाचा दिवस. पोरं रडून रडून डोकं उठलं. घरी आल्यावर बेगमजवळ बसले.

आज नीट बघितली तिला. सब्जा, म्हणजे करडा रंग, आता जवळजवळ पांढरीच झाली आहे. नाकाड मधे खोल गेलेलं, नाकपुड्या वाटीएवढ्या, चालायला लागली की शेपूट वर. अंगानं बारकी, पण कुठं काही कमी आहे असं वाटत नाही. मामांचे वडील एका जागीरदाराच्या पागेत सईस होते. पोलीस ॲक्शननंतर जागीरदार हैदराबादला गेला, घोडे विकून टाकले, एक लंगडी अरबी घोडी तेवढी सईसाकडे सोडली. तिच्यापासून ही. दर पिढीला घोडी लांब पुण्याकडे अरबी घोड्याकडंच न्यायची, दुसरं रक्त मिसळायचं नाही, ही या घरची रीत. घरात खायला नसतानाही पाळली.

मामांना विचारलं, उंच घोडा का नाही केलात कधी?

मामांनी तिच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "आपल्या वस्तीतल्या नवरदेवाला गावात कुणी घोडं देत नव्हतं. पयला नवरदेव म्या नेला, हिच्या आजीवर बसवून. पार मोठ्या रस्त्यानं."

"काही झालं नाही?"

"दगड आले की! घोडी बारकी व्हती म्हणून बरं. डोक्यावरनं गेले."

आणि हसले. सुगत गेल्यापासून पहिल्यांदा.

ही घोडी मी कुणाला देणार नाही.

९ मार्च, रविवार

कळलं काय हवं होतं ते! बजरंग आज बोलला. "वहिनी, बेगम मला द्या. तुमची नोकरी, मामांचं वय. मी संभाळतो." आणि आकडाही सांगितला. लहान नाही, चांगला घसघशीत.

भाऊजी म्हणतात बुटक्या घोडीला कुत्रं विचारत नाही. आणि ज्याच्या दारात दोन उंच मारवाडी बांधलेत तो बुटक्या घोडीला एवढे पैसे देतो! यातलं एक काहीतरी खोटं आहे. मला वाटतं, शुद्ध अरबी म्हणून तिची खरी किंमत कितीतरी जास्त असणार. ह्याला ती माहीत आहे, मला नाही.

मी म्हटलं, विकायची नाही.

तर चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "बरं," म्हणाला. "इंजेक्शनचं तेवढं बघा, मार्चमधी असतं तिचं."

तिचं इंजेक्शन कधी असतं हे ह्याला कसं माहीत?

मामा उठून मागच्या दारी गेले होते.

११ मार्च

विकायची नाही, पण खरी किंमत कळावी म्हणून घोडेवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. फार्मसीच्या पोरानं जोडून दिलं मला त्यात. लिहिलं — शुद्ध अरबी घोडी, सब्जा, सत्तावन्न इंच, स्वभाव गरीब, योग्य किंमत सांगा.

पहिलं उत्तर — "मॅडम, घोडी हाय का शेळी?"

दुसरं — "संग टोपलं पण द्या, उचलून आणायला."

तिसऱ्यानं नुसती हसरी तोंडं टाकली, ओळभर. एक जण जरा सभ्य होता. परंड्याचा म्हणे. "ताई, जात एक नंबर हाय. डोळं बघूनच कळतं. पण आता घेणार कोण? लग्नवाल्यांना उंची पायजे, शर्यतवाल्यांना दुसरी जात. आमच्या आजोबाच्या टायमाला हिच्यासाठी लोक पायी आले असते."

एवढं एकमतानं सगळे खाली कसे पाडतात? बजरंग त्या ग्रुपमध्ये आहे. मी नावं तपासली.

१३ मार्च

झोप नाही धड.

१७ मार्च

शिवानीनं तोंडातून सहज काढलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. शिवानी आमच्या उपकेंद्राची आशा सेविका. तिच्या भावाचं लग्न येत्या रविवारी, येरमाळ्याच्या पुढं हायवेवरच्या कार्यालयात. आपल्या बौद्धांत मुहूर्त बघत नाहीत, म्हणून मार्चातही सोय होते. घोडा ठरलेला नाही म्हणाली.

मी म्हटलं, बेगम घेऊन येते. पैसे नकोत.

ती जरा घुटमळली. "ताई, दादा उंच हाय ओ." मी म्हटलं, दादाला बसायचंय, उभं राहायचं नाही. हसली बिचारी आणि हो म्हणाली.

आता बघू. भर हायवेवर, शंभर मोबाईलसमोर बेगम चालेल. मग कोण म्हणतं घोडी चालत नाही ते बघतेच.

२२ मार्च

मामा नको म्हणतात! "नको नेऊ तिला, पोरी."

"का पण?"

"नको म्हणतो ना."

एवढंच. कारण नाही, काही नाही. संध्याकाळी भाऊजी त्यांच्याजवळ बसलेले दिसले होते. म्हणजे त्यांनाही वळवलं.

आरशांचा पट्टा काढला. चकचकीत होता, नुकताच पुसून ठेवल्यासारखा. घुंगरांच्या माळेचा गोंडा मी नवा लावला.

२३ मार्च, रविवार

तळहाताला पट्टी बांधली आहे. तरी लिहिते, उद्या यातलं काही विसरायला नको.

सकाळी बालाजीनं कार्यालयावर उतरवलं. बेगम खाली उतरली तेव्हा लोकांनी बघितलंच. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "किती दिसांनी बघितली अशी." मला फार बरं वाटलं. पोरं मात्र — "पाय टेकले तर चालवत ने रे दादा!" "पेट्रोल टाकलंस का?" नवरदेव लाजला, पण बसला. मी लगाम धरला होता.

वीस-पंचवीस पावलं ती इतकी सुंदर चालली! मान कमानीसारखी. मग डीजे सुरू झाला. डीजे भाऊजींचा. मला आधी माहीत नव्हतं.

पहिल्याच दणक्याला बेगम जागच्या जागी बसल्यासारखी झाली. दुसऱ्याला दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव घसरला, मनगटावर पडला. माझ्या हातातून लगाम सुटला, तळहात सोलून निघाला. आणि ती पळाली. सरळ हायवेवर! ट्रक, एसट्या, हॉर्न. मी डोळे मिटले.

काही आदळल्याचा आवाज आला नाही.

बालाजीनं टेम्पो काढला. मला वाटलं शोधत शोधत जाऊ. त्यानं शोधलं नाही. फाट्याच्या अलीकडे डावीकडे वळला आणि एका शेतातल्या पत्र्याच्या शेडपाशी थांबला. बजरंगचं शेत.

बेगम आत उभी होती. घामानं भिजलेली, पण शांत. एक उंच घोडा, दुसऱ्याची जागा रिकामी, दोघांच्या छातीएवढ्या उंच गव्हाणी. आणि कडेला तिसरी गव्हाण, सिमेंटची, बुटकी. बरोबर बेगमच्या मापाची! ती तिथं तोंड घालून कडबा खात होती.

म्हणजे जागासुद्धा बांधून ठेवली आहे! मी नाही म्हणून महिनाही झाला नाही, आणि ह्याची गव्हाण तयार!

बजरंग घरी नव्हता, दुसऱ्या लग्नाला गेला होता. त्याची बायको पाणी घेऊन आली. मी घेतलं नाही, बेगमला टेम्पोत चढवून घरी आणलं.

२४ मार्च

एक गोष्ट कशीच बसत नाही. वर्षभर दर दोन-तीन दिवसाला वरातीत जाणारी घोडी डीजेला बुजते कशी? तिला तर त्याची सवय पाहिजे. कुणीतरी काहीतरी केलं. पट्ट्याखाली टोचलं असेल, नाहीतर भाऊजींनी मुद्दाम आवाज चढवला. खोगिराखाली सगळं चाचपलं. काटा, खिळा, काही नाही.

भाऊजी म्हणतात, "वहिनी, आईशप्पथ, न्हेमीचाच आवाज व्हता. तिला बघून मीच बंद केला की!"

बंद त्यांनीच केला होता, हे खरं आहे. पण घोडी पळाल्यावर.

२७ मार्च

शिवानी बोलत नाही. रजिस्टर टेबलावर ठेवते आणि जाते. तिच्या भावाच्या मनगटाला प्लास्टर आहे. हळद लागलेल्या हातावरच प्लास्टर घातलं त्याच्या.

चूक माझी नाही. पण जाऊन माफी मागितली. तिची आई म्हणाली, "जाऊ द्या बाई. घोडं हाय, बुजायचंच." तिनं असं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

२९ मार्च

काल सकाळी बेगमनं दावं तोडायचा प्रयत्न केला. दुपारी हायवेच्या बाजूला तोंड करून खिंकाळत होती. मी ड्यूटीवर, मामांना तिला आवरणं होत नाही. रविवारी ट्रकखाली आली नाही, दरवेळी असंच होईल असं नाही.

सगळ्या बाजूंनी मला इथंच आणून सोडलं आहे.

३० मार्च, पाडवा

बजरंगला फोन केला. म्हटलं, न्या.

त्यानं आधी मामांची तब्येत विचारली. मग म्हणाला, "खुशीनं देताय ना वहिनी?"

जिंकलेल्या माणसानं असं विचारू नये.

मामांना सांगितलं. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

२ एप्रिल

भाऊजी म्हणाले, "बरं झालं, सुटलात." पैसे घेऊन करायचं काय, तेही ठरवलं नाही. बजरंगनं भाव कमी करायचा प्रयत्न केला नाही, हे एक. अजूनही माझ्या मनातून जात नाही — त्याला तिच्यात काय दिसतं जे बाकी कुणालाच दिसत नाही?

६ एप्रिल, रविवार

बजरंग सकाळी न्यायला आला. मी बेगमला पाणी पाजलं, खरारा केला. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणारा देत नाही, ते घरात ठेवतो. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. इथं शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. बजरंग मोकळ्या हातांनी आला होता. मी म्हटलं, "दावं सोडून ठेवा. ते आमचं आहे. तेही न्यायचं होतं का?"

त्याचा हात तिच्या गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. तो मामांकडे बघत होता.

मामा उठले. आतून एक जुनं, काळं पडलेलं सुताचं दावं आणून माझ्या हातात दिलं. "आपलं हे हाय, पोरी. तिच्या गळ्यात हाय ते बजरंगचं. दोन वरसं झाली. लग्नाला कुणी न्हेईना, म्हणून इकाया काढली, माळेगावच्या जत्रंत दोन दिस उभं ऱ्हायलो, कुणी दात बघाया थांबंना. शेवटी ह्यानं घेतली. सुगत ह्याचेच उंच घोडे धरायचा लग्नात, ही दिवसभर ह्याच्या शेडात उभी. सांजच्याला हा म्हणायचा, घरी घेऊन जा, वहिनीला कशाला कळाया पायजे. घोडीवाला म्हणून तू सुगतला केलं व्हतंस. ते त्याला घालवायचं नव्हतं. मला आन घातली व्हती त्यानं."

बजरंग आपलीच घोडी माझ्याकडून विकत घेत होता.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी. सांजच्याला नेतो." आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

संध्याकाळ होऊन गेली. आला नाही.